विद्यापीठाच्या अंगणातला रंगमंच

पुण्याच्या गणेशखिंडीत १८६४ ते १८७१ या काळात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरासाठी एक प्रासाद उभा राहिला. साहेबाचा पावसाळा सुखात जावा एवढाच त्याचा हेतू होता. मेजवान्या, नृत्यसमारंभ आणि दरबार यांना साजेशी प्रशस्त दालने त्यात होती. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून २२ जून १८९७ च्या रात्री रँड बाहेर पडला तो याच वास्तूतून. पुढे १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली आणि हा प्रासाद त्या विद्यापीठाची मुख्य इमारत बनला. राज्यकर्त्यांच्या करमणुकीची जागा विद्येच्या स्वाधीन झाली. या आवारात नाट्य, संगीत आणि नृत्य यांच्या शिक्षणासाठी ललित कला केंद्र सुरू होण्यास मात्र १९८७ साल उजाडावे लागले. गव्हर्नराची दालने त्याच्या वाट्याला आली नाहीत. त्याची खरी ओळख ठरली ती केंद्राच्या अंगणात, उघड्या आकाशाखाली असलेल्या ‘अंगणमंचा’मुळे.

हे नावच बोलके आहे. घराचे अंगण हे पूर्णपणे घरातले नसते आणि पूर्णपणे रस्त्यावरचेही नसते. येणाऱ्याजाणाऱ्याला तेथे डोकावता येते, बसता येते. पण तेथील व्यवहारावर अधिकार आणि जबाबदारी घरच्यांची असते. विद्यापीठातील रंगमंचाचे आणि कलादालनाचे स्थान नेमके असेच आहे, आणि आपल्याकडील विद्यापीठांना ते अजून नीटसे उमगलेले नाही. कोणी त्याला भाड्याने द्यावयाचे सभागृह समजतो, तर कोणी चार भिंतींतील वर्ग. वस्तुतः ते यांपैकी काहीही नाही. ती एक प्रयोगशाळा आहे. फरक इतकाच की रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रेक्षक नसला तरी प्रयोग पुरा होतो, रंगमंचावरील प्रयोग मात्र प्रेक्षकावाचून पुराच होत नाही. समोर अनोळखी माणसे बसलेली असताना विनोद पडतो की उचलला जातो, दीर्घ स्तब्धता पेलते की प्रेक्षक खोकू लागतात, हे कोणत्याही व्याख्यानातून शिकविता येण्यासारखे नाही. त्यामुळे दार बंद करून नाट्यशिक्षण देता येत नाही. आणि दार उघडले की त्यातून कोण आत येईल, हेही आधी ठरविता येत नाही. सगळा प्रश्न या उघड्या दाराचा आहे.

मराठी रंगभूमीने आपले सर्वांत धीट प्रयोग भव्य वास्तूंत केले, असे तिच्या इतिहासावरून दिसत नाही. दादरची छबिलदास शाळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. १९७४ पासून ‘आविष्कार’ने त्या शाळेच्या सभागृहात जी चळवळ उभी केली, तिला ना फिरता रंगमंच होता, ना खोल विंगा, ना मखमली पडदा. दिवसा मुले बसावयाची त्या वास्तूत सायंकाळी नाटक उभे राहावयाचे. अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे, सत्यदेव दुबे अशा मंडळींनी त्या जागेला जे स्थान मिळवून दिले, ते लक्षावधी रुपये खर्चून बांधलेल्या कित्येक नाट्यगृहांना लाभले नाही. प्रेक्षक नटापासून चार हातांवर बसलेला असल्यामुळे अभिनयाची पट्टीच बदलली. आवाज मागच्या रांगेपर्यंत फेकण्याची गरज उरली नाही, आणि पुटपुटलेले वाक्यही नाटकाचा भाग होऊ शकले. ज्याला ‘प्रायोगिक’ म्हणतात ते नाटक लेखकाच्या टेबलावर जितके घडले, तितकेच ते या खोलीच्या लांबीरुंदीमुळे घडले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्याही आधी मुंबईत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत एक वेगळाच संसार मांडला गेला होता. अल्काझींचे थिएटर युनिट, रविशंकरांची ‘किन्नर’ ही संस्था, हुसेन आणि गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांचे स्टुडिओ, हे सारे एकाच छपराखाली नांदत होते. तालमीला आलेला नट चित्रकाराच्या दारावरून जात होता आणि चित्रकाराच्या कानावर सतार पडत होती. कोणी कोणाला मुद्दाम काही शिकवीत नव्हते. शेजार हीच शाळा होती. ती वास्तू पुढे राहिली नाही, आणि त्यानंतर तसा शेजार मुंबईला पुन्हा लाभला नाही. खरे म्हणजे असा शेजार निर्माण करणे विद्यापीठाइतके दुसऱ्या कोणालाही सोपे नाही. जागा त्याची, माणसे त्याची, आणि भाड्याची चिंता नाही! तरीही बहुतेक विद्यापीठांत संगीताचा विभाग एका टोकाला, चित्रकलेचा दुसऱ्या टोकाला, अथवा मुळीच नाही, आणि वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला दोन्हींचा पत्ता नाही, अशी अवस्था दिसते.

ललित कला केंद्राने ‘गुरुकुल’ हे नाव धारण केले, त्यामागे एक विचार होता. गाणे किंवा नृत्य हे तासिकांच्या वेळापत्रकात कोंबता येत नाही, ते गुरूपुढे बसून घ्यावे लागते, हे मान्य करूनही विद्यापीठाची पदवी, सिद्धांत आणि शिस्त यांची त्याला जोड द्यावी, असा तो विचार होता. नाटककार सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात केंद्राचे प्रमुख होते, ही गोष्टही योगायोगाची नव्हे. आळेकर ज्या नाट्यपिढीतून आले तिने संस्था दुभंगल्याचा अनुभव घेतला होता. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. वाद उसळला, संस्थेने अल्पावधीतच प्रयोग थांबविले, आणि जब्बार पटेल, आळेकर प्रभृती तरुण मंडळींनी बाहेर पडून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली. पुढे त्याच नाटकाने १९८० मध्ये युरोपचा दौरा केला. संस्थेने कच खाल्ली तर कलावंत दुसरी संस्था काढू शकतो, असे त्या प्रकरणावरून दिसले. परंतु हा मार्ग विद्यार्थ्याला उपलब्ध नसतो. त्याला दुसरे विद्यापीठ काढता येत नाही.

आता या जागांचा प्रत्यक्ष वापर कसा होतो ते पाहावे. महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाला आणि बऱ्याचशा महाविद्यालयांना एक ‘बहुउद्देशीय सभागृह’ असते. बहुउद्देशीय या शब्दाचा अर्थ, कोणत्याही एका उद्देशाला धड उपयोगी नाही, असा करावयास हरकत नाही. खुर्च्या जमिनीला पक्क्या ठोकलेल्या, त्यामुळे प्रेक्षकांना रंगमंचाभोवती बसविण्याची सोय नाही. व्यासपीठ सत्काराच्या खुर्च्यांसाठी उंच केलेले, त्यामुळे पहिल्या रांगेतील प्रेक्षकाला नटाचे पाय दिसत नाहीत. मागची भिंत गुळगुळीत, सबब आवाज घुमतो. खिडक्यांना काळे पडदे नाहीत, सबब दुपारच्या प्रयोगात अंधार होत नाही. दिवे टांगावयास आडवा बार नाही. असलाच तर त्याला वीज पुरेशी नाही. त्या सभागृहात परिसंवाद होतात, नॅकच्या समितीचे स्वागत होते, सेवानिवृत्तांना श्रीफळ देण्यात येते; आणि विद्यार्थ्यांना तालमीसाठी ते हवे असले की कुलसचिव कार्यालयात अर्ज, त्यावर शेरा, शेऱ्यावर स्वाक्षरी आणि स्वाक्षरीनंतर किल्ली ज्याच्याकडे आहे त्या शिपायाचा शोध असा प्रवास सुरू होतो. पुष्कळदा किल्ली सापडते तेव्हा स्पर्धा होऊन गेलेली असते.

याच्या उलट, नाट्यशिक्षणाला लागणारी जागा फार स्वस्तात होऊ शकते. काळ्या रंगाने रंगविलेली एक आयताकृती खोली, हलविता येतील असे लाकडी चौथरे, छताखाली लोखंडी नळ्यांची जाळी, थोडेसे दिवे, एक डिमर आणि बाहेरचा प्रकाश व आवाज रोखणारे दार, इतक्याने काम भागते. कोणत्या बाजूस रंगमंच आणि कोणत्या बाजूस प्रेक्षक, हे ज्याने त्याने दर वेळी ठरवावे. अंगणमंचाला तर एवढेही लागत नाही. मात्र पावसाळ्याचे चार महिने तो निकामी असतो, आणि विद्यापीठाचे पहिले सत्र नेमके त्याच काळात चालते, ही अडचण लक्षात घेतली पाहिजे. म्हणून उघडा मंच आणि बंद खोली ही दोन्ही हवीत. पुण्याच्या शनिवार पेठेत ‘सुदर्शन रंगमंच’ नावाची एक छोटेखानी जागा नवनव्या लेखकांना आधार देत आली आहे. खासगी संस्थेला जे जमते ते सुमारे ४०० एकरांचे आवार बाळगणाऱ्या विद्यापीठाला अवघड वाटण्याचे कारण नाही.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री या कारखान्यांच्या शहरालगत वॉरिक विद्यापीठ आहे. तेथील कला केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. आधी नाट्यगृह आणि एक छोटा स्टुडिओ, १९८१ मध्ये संगीताचे मोठे सभागृह, १९८६ मध्ये चित्रदालन, अशा टप्प्याटप्प्याने ते वाढत गेले, आणि २०२१ मध्ये मोठ्या दुरुस्तीनंतर पुन्हा खुले झाले. श्रीमंत देशाच्या खर्चाशी आपली बरोबरी नाही हे उघडच आहे. घ्यावयाचे आहे ते वेगळेच. एक म्हणजे सर्व काही एकाच वेळी, एकाच भूमिपूजनात उरकण्याची घाई त्यांनी केली नाही. दुसरे असे की नाटक पाहावयास आलेला कॉव्हेंट्रीचा नागरिक चित्रदालनाच्या दारावरून जातो आणि सहज आत शिरतो; शहर व विद्यापीठ यांची गाठ अशी चहाच्या टेबलाशी पडते. आणि तिसरे, केंद्राच्या उभारणीला ज्या बाईंच्या देणगीचा मोठा आधार झाला, त्यांचे नाव कित्येक वर्षे जाहीरच झाले नव्हते. आपल्याकडे पंखा दिला तरी त्याच्या पात्यावर दात्याचे नाव रंगविले जाते. नाव लिहिण्यात गैर काही नाही, पण ज्या देणगीवर कोनशिला बसवावयाची सोय नसते, म्हणजे उदाहरणार्थ दिव्यांची देखभाल किंवा तंत्रज्ञाचा पगार, तिला दाता मिळत नाही, ही तक्रार जुनीच आहे.

प्रदर्शनाच्या जागेची स्थिती रंगमंचाहूनही केविलवाणी आहे. चित्र टांगावयाचे म्हटले की विद्यापीठाला आठवतो तो ग्रंथालयाबाहेरचा व्हरांडा. तेथे दुपारचे ऊन थेट जलरंगांवर पडते आणि पावसाची ओल कागदाला पन्हळ आणते. भिंतीत खिळा ठोकण्यास मनाई असते, म्हणून चित्रे सुतळीने बांधली जातात. पहारेकरी नसतो, त्यामुळे सायंकाळी सगळे उतरवून ठेवावे लागते. शहरातील कलादालनाचे भाडे विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नसते, आणि तेथे जे टांगावयाचे ते विकण्यासाठी, असाच पाहणाऱ्याचा समज असतो. विकावयाचे नसलेले, अपुरे, चुकलेले, पण त्यातून पुढची दिशा दाखविणारे काम कोठे पाहावयास मिळणार? विद्यापीठातच.

याची जाण मराठी माणसाला बडोद्याने करून दिली आहे. महाराज सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या, आणि १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन अशांनी तेथे शिकविले. शिक्षक स्वतः चित्रे काढीत, शिल्पे घडवीत, आणि विद्यार्थी ते पाहत पाहत शिकत. वर्षअखेरीस विद्यार्थ्यांची कामे परीक्षेसाठी मांडली जात आणि शहरातील रसिकही ती पाहावयास येत. परीक्षकाची आणि नागरिकाची नजर एकाच कामावरून फिरावी, ही रीत त्या विद्याशाखेचे भूषण होती.

परंतु उघडे दार म्हणजे धोकाही, हे बडोद्यातच प्रथम दिसून आले. मे २००७ मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांवर आक्षेप घेत बाहेरचे लोक आत शिरले, विद्यार्थ्याला अटक झाली, आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या प्रभारी अधिष्ठात्यांनाच विद्यापीठाने निलंबित केले. सतरा वर्षांनी पुण्यात त्याच कथेचा दुसरा अंक झाला. २ फेब्रुवारी २०२४ रोजी ललित कला केंद्राच्या विद्यार्थ्यांचे, रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागील वागण्याबोलण्यावर आधारलेले नाटक विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंद पाडले. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थी यांना अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. दुसऱ्या दिवशी केंद्रात मोडतोड करण्यात आली.

ते नाटक चांगले होते की सामान्य, अभिरुचीला धरून होते की नव्हते, हा येथील प्रश्न नव्हे. ते अगदी टाकाऊ होते असे क्षणभर गृहीत धरले तरी युक्तिवादात फरक पडत नाही. विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर त्याला गुण कमी देतात, चौकीत नेत नाहीत. भावना दुखावल्या गेलेल्या माणसालाही आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, आणि तो कोणी नाकारू नये. रामलीला ही उत्तरेत कोट्यवधींच्या श्रद्धेची गोष्ट आहे आणि तिच्याविषयी नाजूकपणे वागावे, असे म्हणणारा माणूस आपोआप असहिष्णू ठरत नाही. प्रश्न एवढाच की हे म्हणणे त्याने कोठे मांडावे? प्रयोग संपल्यावर चर्चेत, विभागप्रमुखाकडे, कुलगुरूंकडे, वृत्तपत्रात. रंगमंचावर चढून नव्हे. हा क्रम पाळला जावा यासाठी विद्यापीठाने स्वतः दाराशी उभे राहावयास हवे होते, आणि बडोद्याला काय, पुण्याला काय, विद्यार्थ्याला जेव्हा गरज होती त्या घटकेला दाराशी पोलीस होते, जमाव होता, विद्यापीठ नव्हते.

व्यावसायिक निर्मात्याची गोष्ट वेगळी असते. ‘सखाराम बाइंडर’वर १९७२ मध्ये बालंट आले तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि झगडून प्रयोगाचा हक्क मिळवून परत आले. त्यासाठी लागणारा पैसा, वेळ आणि जिद्द एकविसाव्या वर्षी, परीक्षा तोंडावर असताना, वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींजवळ असावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यांच्या वतीने उभे राहण्यासाठीच कुलगुरू, अधिसभा आणि विधी विभाग अशी मोठी यंत्रणा पोसलेली असते.

करदात्याच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेने जनतेला न रुचणारे का दाखवावे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्याला वजन आहे. पण करदात्याने पैसा दिला तो शिक्षणासाठी, आणि चुकण्याची मुभा हा शिक्षणाचा खर्च आहे. शिवाय विद्यापीठाने २०१४ पासून जे नाव धारण केले आहे ते सावित्रीबाई फुले यांचे. शाळेच्या वाटेवर अंगावर शेणमाती झेलणाऱ्या त्या शिक्षिकेपासूनही तेव्हाच्या बहुसंख्यांच्या भावना दुखावल्याच होत्या, याची आठवण अधिकारमंडळांना करून द्यावी लागणे शोभादायक नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. शहरात बालगंधर्व रंगमंदिर आहे, टिळक स्मारक आहे, भरत नाट्य मंदिर आहे, आणि पुरुषोत्तम व फिरोदिया करंडकांसाठी महाविद्यालयांतील मुले दरवर्षी जिवापाड तालमी करतातच. मग विद्यापीठात वेगळ्या जागा कशाला? उत्तर असे की करंडकाला जिंकावयाचे असते. परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज घेऊन नाटक बसविण्यात काही पाप नाही, पण त्याने एक ठरावीक घाट तयार होतो, आणि दहा संघांची नाटके एकमेकांसारखी दिसू लागतात. जेथे जिंकावयाचे नाही अशी निदान एक जागा शहरात असावी.

त्यासाठी पहिल्याने करावयाच्या गोष्टी मोठ्या नाहीत. मंच आणि दालन यांची किल्ली विभागाकडे असावी, कुलसचिव कार्यालयाकडे नव्हे. प्रकाश आणि ध्वनी सांभाळणारा एक कायम तंत्रज्ञ नेमावा. कंत्राटावरचा माणूस यंत्र ओळखू लागतो तोच त्याची मुदत संपते. एक भिंत अशी असावी जीवर खिळा ठोकण्यास कोणाची परवानगी लागत नाही. आक्षेप ऐकण्यासाठी कलावंत, अध्यापक आणि कायद्याचा जाणकार यांची छोटी स्थायी समिती असावी, आणि तिच्याकडे तक्रार आल्यावाचून व तिचे मत झाल्यावाचून विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्याविरुद्ध कोणतेही पाऊल उचलू नये. गणेशखिंडीतून रात्री प्रयोग सुटल्यावर हडपसरला किंवा कात्रजला परतणाऱ्या मुलीची सोय काय, हाही रंगमंचाच्या नियोजनाचाच भाग आहे, आणि तो परिवहन महामंडळाशी बोलून सुटण्यासारखा आहे.

विद्यापीठांच्या अधिसभांची अर्थसंकल्पी बैठक दरवर्षी होते. महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यापीठाच्या सभासदांनी या बैठकीत एकच माहिती मागावी: गेल्या वर्षी आपल्या सभागृहाचे किती दिवस विद्यार्थ्यांच्या नाटक, गाणे, नृत्य आणि चित्रांसाठी दिले गेले, आणि किती दिवस सत्कारांसाठी? आकडे कार्यालयाच्या नोंदवहीत असतातच.